ओतीव मंडई

गच्चीवर भट्टी पेटली की खाली बाईंनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी कपाटात घालून कुलूप लावायचं, हा त्या घरात आता रिवाजच पडला होता. सर, म्हणजे बाईंचे यजमान, भूगोलाचे शिक्षक. अ‍ॅल्युमिनियम कुठं सापडतं हे त्यांनी जन्मभर शिकवलं. ते स्वतःच्या स्वयंपाकघरातही सापडतं, हा शोध मात्र निवृत्तीनंतरचा.

सरांना टेबलावर मावेल असं वाफेचं इंजिन करायचं होतं, आणि तेही विकतचा एकही भाग न लावता. पद्धत सोपी होती. थर्मोकोलचा नमुना कापायचा, वाळूत पुरायचा आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. थर्मोकोल जळून जातं, त्याची जागा धातू घेतो. पुस्तकात हे सगळं दोन ओळींत उरकलं होतं. सरांच्या गच्चीवर मात्र सिलिंडर निघाला तो स्पंजासारखा, पिस्टनला मधेच कंबर आली, आणि मोठं चाक दर वेळी कुठून तरी कुरतडल्यासारखं बाहेर पडे.

त्या सकाळी चाकाचा नवा नमुना तयार होता. मदतीला मेहुणे, म्हणजे बाईंचे भाऊ, आले होते. मेहुण्यांचा उत्साह दांडगा; कशाबद्दल, याच्याशी त्याला देणंघेणं नसे.

"खाली जेवणाच्या टेबलावर गोल थर्मोकोल आहे, तेवढं आण," सर भट्टीवरची नजर न हलवता म्हणाले.

मेहुण्यांनी आणलं, वाळूत पुरलं, वर ठोकूनही दिलं. सरांनी धातू ओतला. धूर झाला, वास सुटला, शेजारच्यांनी खिडक्या आपटल्या. म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे चाललं होतं.

तासाभराने वाळू फोडली. ताटाएवढं चाक, एक छिद्र नाही, एक कड तुटलेली नाही.

"भाऊजी, जमलं की हो!"

"जमलं रे!" सरांनी चाक उलटसुलट केलं. "पण... याला पायऱ्या कशा?"

"तुम्हीच कोरल्या असतील. तुमचं लक्ष असतं कुठे?"

"आणि ही दारं?"

मेहुण्यांनी जवळ जाऊन पाहिलं. "दारं छान आलीत," ते म्हणाले.

तेवढ्यात खालून मुलीचा आवाज आला. "आई, माझी मंडई कुठंय?"

मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी तिची अखेरची परीक्षा. महिनाभर खपून तिने थर्मोकोलचं अख्खं उपनगर उभं केलं होतं आणि त्याच्या मधोमध खड्ड्यात सुटी बसणारी गोल मंडई. मधे चौक, चौकातून चहूकडे जाणाऱ्या गल्ल्या, भोवती गोल इमारत. वरून पाहिलं तर थेट गाडीचं चाक. सरांचा खरा नमुना टेबलावर, मंडईच्या रिकाम्या जागेशेजारी, सुखरूप होता.

सर मंडई फडक्यात धरून खाली आले. अजून गरम होती.

मुलीच्या वाटचं आधी बाईच बोलल्या.

"आधी माझी पातेली वितळवलीत, आता पोरीचं शिक्षण!"

"अगं, पण किती सुबक आलीय बघ."

"बाबा," मुलगी शेवटी म्हणाली, "उद्या परीक्षक विचारतील, मंडई कुठंय. मी काय सांगू? मामाने पुरली?"

"मी दुसरी करून देतो," असं म्हणून सरांनी दुपारभर थर्मोकोल कापलं. भिंती बऱ्या उभ्या राहिल्या. चिकटवायला मेहुण्यांनी बाजारातला सर्वांत जबरदस्त गोंद आणला. गोंद इतका जबरदस्त की तो थर्मोकोल खाऊ लागला. बघता बघता चौक रुंदावला, गल्ल्या एकमेकींत मिसळल्या आणि मंडईचं मैदान झालं.

"आता धातूचीच बसवू," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात एक भयंकर शांतपणा होता.

बसवली. पण वजनाने उपनगर मधोमध खचलं आणि आजूबाजूची घरं मंडईकडे झुकून बघू लागली. सरांनी गच्चीवरून इंजिनासाठी ठेवलेली जाड फळी आणून खाली ठोकली. मग निराळीच अडचण दिसली. धातू थंड होताना किंचित आकसतो. त्यामुळे मंडई आपल्या खड्ड्यात सैल बसली आणि सभोवार बारीक फट राहिली.

"बुजवू का?" मेहुण्यांनी गोंद उचलला.

"नको!" तिघंही ओरडली.

दुसऱ्या दिवशी सर आणि मेहुणे पालखीसारखी फळी धरून कॉलेजच्या जिन्यावरून वर गेले आणि दाराबाहेर घामाघूम होऊन उभे राहिले. आतलं सगळं ऐकू येत होतं. परीक्षक कुणा मुलाला विचारत होते, "पाऊस पडला की हे पाणी जाणार कुठे?" मुलगा गप्प. पुढच्या मुलीलाही तोच प्रश्न. तीही गप्प. सरांना आपल्या पायाखालची वाळू सरकल्यासारखं झालं.

मग त्यांच्या मुलीचा नंबर आला.

"ही मंडईभोवती फट कसली?"

मेहुण्यांनी सरांचा दंड घट्ट धरला.

"पाणी जायला नाली, सर. मंडई रोज धुवावी लागते ना."

"वा! बघा रे, हिला सुचलं. आणि इमारत धातूची का?"

"ती टिकायला हवी. बाकीचं बदलत राहील."

परीक्षकांनी मंडई उचलायचा प्रयत्न केला. ती उचलली न गेल्यामुळे त्यांचं मत आणखी चांगलं झालं. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली आणि कॉलेजने मंडई दर्शनी कपाटात कायमची ठेवून घेतली. सरांच्या हातून निघालेला एकमेव निर्दोष भाग अशा रीतीने इंजिनाला मुकला.

घरी आल्यावर मुलीने सरांचा तो सुखरूप राहिलेला नमुना हातात घेतला.

"बाबा, याला चकचकीत रंग कशाला दिलात?"

"नीटनेटका दिसावा म्हणून. प्रत्येकाला देतो मी, दोन हात."

"पण तो जळूनच जाणार ना? त्या रंगाच्या थरातून वायू निघायला जागा कुठंय? म्हणून छिद्रं पडतात. माझ्या मंडईला कुठे रंग होता?"

सरांनी नखाने रंग खरवडून पाहिला. मग म्हणाले, "मला वाटायचं, मेहनत कमी पडतेय."

"जास्त पडत होती."

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाईंनी दार उघडलं तर जिन्यावर मुलीच्या कॉलेजातली खालच्या वर्गांतली मुलं उभी. एकीच्या हातात थर्मोकोलचं रुग्णालय, एकाकडे बसस्थानक, एकाकडे क्रीडासंकुल.

"काकू, काका आहेत? आमचंही ओतून मिळेल का? पुढच्या सत्रात तेच परीक्षक आहेत."

बाईंनी सवयीने कपाटाच्या किल्लीला हात घातला.

"भांडी आम्ही घरून आणलीत, काकू," बसस्थानकवाला घाईने म्हणाला.

सर बाहेर आले. रुग्णालय पाहिलं, बसस्थानक पाहिलं. क्रीडासंकुलापाशी मात्र थबकले. बाहेरून गोल, कड जाड, छताच्या तुळया चाकाच्या आऱ्यांसारख्या मधून बाहेर जाणाऱ्या, सगळीकडे सारख्या. रंगाचा एक ठिपकाही नाही. त्यांनी ते अलगद हातात घेतलं, उजेडात धरलं आणि एक डोळा मिटून गोल फिरवलं.

"करून देतो की," ते म्हणाले. "दोन ओतू, असंच आणखी एक कापून आणा. फक्त त्यातल्या एकाला मधोमध एक भोक पाडलं, तर चालेल?"