घरटी एक फाईल

"ताई, विक्रमच्या बारा बैठका पास होत्या आन् बाराच झाल्यात! मोजून बघा!" सारिकाने फाईल टेबलावर अशी आपटली, की जणू तिचा बारावीचा निकालच लागला होता.

सुलक्षणाने मोजल्या नाहीत. मोजायला वेळ कुठे होता? एका हाताने अडीच वर्षांच्या लेकीच्या, नंदूच्या तोंडातलं पेनाचं टोपण काढत तिने दुसऱ्या हाताने बिलावर सही ठोकली, नंदूला सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि दौंडच्या एसटीसाठी धूम ठोकली.

शिरूरच्या तिच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून विमा कंपनीला जाणारा हा पहिलावहिला क्लेम होता. रांजणगावच्या कारखान्यातल्या विक्रमचा उजवा खांदा पेटी उचलताना धरला, आणि कारखान्याच्या विम्यातून त्याला शेक-व्यायामाच्या बारा बैठका मंजूर झाल्या. कारखान्याचे साहेब म्हणाले होते, "हा एक क्लेम सुरळीत जाऊ द्या मॅडम, की तुमचं नाव पॅनेलवर."

पॅनेलवर म्हणजे कारखान्यातले सगळे दुखरे खांदे आणि कंबरा आपल्या पायांनी शिरूरला येणार. आणि म्हणजेच दौंड बंद! आठवड्यातले दोन दिवस तिथल्या भाड्याच्या खोलीत दवाखाना मांडायला जायचं, तेही बहुतेकदा झोपलेल्या नंदूच्या मुठीतून आपली ओढणी एकेक बोट सोडवून घेऊन, चोरासारखं. ते बंद. सुलक्षणा त्या दिवशी एसटीत उभ्याने गेली, पण जणू मखमली गादीवर बसून आल्यासारखी खुशीत दौंडला उतरली.

पाचव्या दिवशी विमा कंपनीची मेल आली. सारिकाने ती मोठ्याने वाचली.

"रुग्ण पुरुष, वय एकतीस. तक्रार उजव्या खांद्याची. तरी चार तारखेच्या नोंदीत 'तिसऱ्या बाळंतपणापासून गुडघा दुखतो' असं कसं, खुलासा करावा."

सुलक्षणाच्या हातातला चहा हातातच राहिला. "पुढे वाच."

"नऊ तारखेला 'अठ्ठ्याहत्तर साली बैलगाडीवरून पडले, तेव्हापासून कंबर' अशी नोंद आहे. रुग्णाचा जन्म चौऱ्याण्णवचा असल्याने हे कसं शक्य आहे, खुलासा करावा. ताई, हे तर विक्रमच्या वडलांचं, आबांचं हाय!"

"आबांचं विक्रमच्या फाईलमध्ये काय करतंय?"

"विक्रमची कुठं? घराची फाईल हाय ती." सारिकाला प्रश्नच कळेना. "आपल्याकडं घरटी एक फाईल असती, पहिल्यापास्नं. चार माणसांच्या चार फायली केल्या, तर घरात कुणाचं काय दुखतंय, ते एका जागी कसं कळायचं?"

खरंच होतं ते. या दवाखान्यात एकटं माणूस कधी आलंच नाही. लेकाच्या खांद्यासोबत आई येई, आणि आलीच आहे तर गुडघ्याला शेक घेऊन जाई. तिला सोडायला बाप येई, तोही कंबर दाखवून जाई. जो तो रोख पैसे देई, सारिका एकाच फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवी, आणि सुलक्षणालाही ते सोयीचं वाटे. सहा वर्षांत कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते आता. विक्रमचा खांदा धरल्यानंतरच्या त्या घराच्या सगळ्या नोंदी सारिकाने मोजल्या, त्या नेमक्या बारा भरल्या, आणि तिने देवाला नारळसुद्धा फोडला.

मेलच्या शेवटी लिहिलं होतं: चौकशीसाठी अधिकारी गुरुवारी येतील, रुग्णाने हजर राहावं.

"विक्रमला फोन लाव. एकट्याला ये म्हणावं. एकट्याला!"

सारिकाने फोन लावला. पण कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून विक्रमचा फोन घरीच असे. तो उचलला त्याच्या वडिलांनी, सर्जेरावांनी. सर्जेराव दहा वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते.

"अधिकारी येतोय? म्हंजी पंचनामा हाय!" ते गरजले. "तुम्ही काय बी काळजी करू नका. मॅडमच्या अंगाला धक्का लागू देणार न्हाई!"

गुरुवारी दवाखान्यासमोर जीप थांबली. आधी सर्जेराव उतरले, मग गुडघा धरून विक्रमची आई गिताबाई, मग सून रुपाली आणि मग चार पंच. एका पंचाच्या हातात टोपी, उपरणं आणि नारळ होता. सुलक्षणाने कपाळाला हात लावला, तेवढ्यात पुण्याहून अधिकारी आलेच. पृथ्वीराज नाव, जेमतेम तिशीचे, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ते दारातून आत येताहेत तोच त्यांच्या डोक्यावर टोपी बसली आणि हातात नारळ आला.

"अहो, हे कशाला? मी चौकशीला आलोय!"

"चौकशी व्हईल की. आधी मान," सर्जेराव म्हणाले.

पृथ्वीराजांनी टोपी सारखी केली, समोरच्या गर्दीकडे पाहिलं आणि विचारलं, "विक्रम कोण?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"त्यो ड्यूटीवर हाय," गिताबाई हळूच म्हणाल्या. "फस्ट शिफ्ट."

"म्हणजे पेशंटच नाही?"

"पेशंटचा बाप हाय की! आई हाय, बायकू हाय, पंच हायती. एका पेशंटवाचून काय अडतंय?" सर्जेराव म्हणाले.

"आणि हा गुडघा कुणाचा?" पृथ्वीराजांनी नोंदीवर बोट ठेवलं.

"माझा," गिताबाई म्हणाल्या.

"विमा विक्रमचा आहे, मावशी."

"विक्रम माझा हाय न्हवं? तिसऱ्या बाळंतपणाचा त्योच. गुडघा त्याच्यामुळंच गेला!"

अधिकाऱ्यांनी नोंदीवरचं बोट उचललं. त्यांनी सुलक्षणाकडे मोर्चा वळवला. "मॅडम, सरळ सांगा. विक्रमच्या बैठका किती झाल्या?"

"बारा!" सर्जेराव, गिताबाई, रुपाली आणि चारही पंच एका सुरात ओरडले. पंचांनी तर विक्रमचा खांदा कधी पाहिलाही नव्हता.

सुलक्षणाने फाईल ओढून घेतली आणि पहिल्यांदाच ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. गुडघा, चार वेळा. कंबर, दोन वेळा. रुपालीची टाच, एकदा. खांदा... तिने दोनदा मोजलं. सर्जेराव मान हलवून हलवून तिला खुणावत होते, बारा म्हणा, बारा. तिला नंदूची मूठ आठवली. आता एक शब्द, आणि ती मूठ पुन्हा सोडवावी लागणार नाही.

"पाच," ती म्हणाली. "बाकीच्या सात घरातल्यांच्या. त्यांचे पैसे मला रोख मिळालेत. बिल चुकलंय. सही माझी आहे, चूक माझी आहे."

तिने बिलावर आडवी रेघ मारली आणि तिथेच दुसरं लिहिलं, पाच बैठकांचं.

"मॅडम, आमी एवढी मानसं आणली, आन् तुमी..." सर्जेराव हताश होऊन बाकावर बसले. पृथ्वीराजांनी दोन्ही बिलांचे फोटो काढले आणि टोपीसकट निघून गेले.

"गेलं ताई पॅनेल," सारिका रडवेली झाली. "माज्या फायलीनं घालवलं."

"फाईल तुझी, डोळे माझे झाकलेले," सुलक्षणा म्हणाली, आणि त्याच संध्याकाळपासून माणशी एक फाईल करायला दोघी बसल्या. शुक्रवारी ती पुन्हा पहाटे दौंडला गेली. ओढणी सोडवताना एका बोटाशी जरा जास्तच वेळ लागला.

दहाव्या दिवशी, नंदूला भात भरवत असताना फोन वाजला. मेल होती. सुलक्षणाने ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली आणि भाताचा हात तसाच वर धरून ओरडली, "अहो! ऐकलंत का? पॅनेलवर आलो!"

तिचा नवरा जयसिंग आतून धावत आला. "खरं? वाच, वाच!"

"स्वतःचं बिल स्वतः कमी करणारं केंद्र आमच्या पाहण्यात प्रथमच आलं, सबब आपली निवड करण्यात येत आहे!"

"वा गं पठ्ठी!" जयसिंगने नंदूला उचलून गरागरा फिरवलं. "सुटलं एकदाचं दौंड!"

सुलक्षणाने मेल बोटाने वर सरकवली. तिचा चेहरा जरा विचित्र झाला. "अहो, थांबा. रांजणगावच्या कारखान्याचं केंद्र त्यांनी आधीच ठरवलंय. पण त्यांचा दुसरा कारखाना दौंडजवळ कुरकुंभला आहे, आणि आपल्या बिलावर दौंडच्या खोलीचाही पत्ता छापलेला दिसला, म्हणून आपल्याला..."

"काय आपल्याला?"

"दौंड. आठवड्यातून चार दिवस."

जयसिंग नंदूला धरून उभाच राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी हसू कुणाला फुटलं ते कळलंच नाही, पण ते आवरेना. सुलक्षणा पोट धरून खाली बसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"चोरून कशाला जायचं आता?" डोळे पुसत ती म्हणाली. "कंपनीचं काम आहे, ऐटीत जाऊ. मी, सारिका आणि ही नंदू, तिघी."

नंदूने बापाच्या कडेवरूनच दोन्ही हात पुढे केले. "मी खिडकीत बसनाल!"