ब्राँझच्या ज्ञानूस मुंडासें चढल्याची हकीकत

श्रीकृपेंकरून लिहिणार सादर करितो ऐसीजे: शके अठराशें नव्वद, कीलकनाम संवत्सरीं, भोर नगरींच्या बागेंत ब्राँझच्या शेतकऱ्यास मुंडासें चढलें, त्या मोहिमेचें वर्तमान पदरचें कांहीं न घालितां लिहिलें आहे.

बागकमिटीचे अध्यक्ष राजमान्य राजश्री सर्जेराव यांचे मनीं आलें कीं बागेंत कष्टकरी शेतकऱ्याचा पुतळा असावा. मग सावळाराम मूर्तिकारांस पाचारण जाहलें, आणि त्यांनीं विंझरचे ज्ञानू यांस नमुना म्हणोन उभें केलें, आणि केस नामी दिसतात म्हणोन डोईचें मुंडासें उतरविलें, आणि तैसेंच बोडक्या डोईचें ब्राँझ ओतिलें. पुतळा बैसला. वाजंत्री जाहली.

परंतु विंझरास हाहाकार. गडी चारचौघांत बोडका उभा म्हणजे घरीं सुतक, ऐसा मुलखाचा रिवाज. मार्गासनीचे सोयरे दुखवट्यास आले आणि कोण वारलें हें न पुसतां आधीं रडोन घेतलें. मग ज्ञानूचें कुटुंब साळूबाई यांचा संताप अनावर जाहला. त्यांनीं बाजाराचे दिवशीं येष्टीनें भोरावर कूच केलें, आणि चौथऱ्यावर चढोन पुतळ्यास लाल मुंडासें बांधिलें. कमिटीनें तें जप्त केलें. पुढले बाजारीं दुसरें बांधिलें, तेंही जप्त. ऐसीं सात मुंडासीं गेलीं, आणि विंझरीं खासा ज्ञानू डोईस टॉवेल गुंडाळोन हिंडों लागला.

मग सर्जेरावांनीं साळूबाईंस रुजू होण्याचें फर्मान धाडिलें आणि समजाविलें कीं ही कला आहे.

साळूबाई बोलल्या, "आसंल कला. पर आमचं धनी जित्तं हायेत, सासूबाई जित्त्या हायेत. ह्यो हितं कुनाचं सुतक पाळतोय, तेवढं सांगा, म्हंजी मी रडाय बसते. न्हाईतर अध्यक्षसायेब, तुमी घटकाभर टोपी काढून बाजारात उबं ऱ्हावा."

सर्जेरावांचा हात टोपीस गेला आणि तेथेंच राहिला. त्यांच्या मातोश्री घरीं खडखडीत होत्या.

मग मूर्तिकारांस हुकूम सुटला आणि ब्राँझचें मुंडासें ओतोन आलें. परंतु माप चुकलें. डोईवर ठेवितांच तें नाकापावेतों उतरलें, आणि कपाळ, डोळे, नामी केस अवघें गडप जाहलें. सावळाराम मटकन खालीं बैसले. साळूबाईंनीं दोन पावलें मागें सरोन न्याहाळिलें.

"आता आमचं धनी दिसत्यात," त्या म्हणाल्या.

मग बाजारास आल्या कीं पुतळ्याचे सावलींत डोईची पाटी उतरवोन घटकाभर बैसावें, ऐसा त्यांचा परिपाठ पडला. मुंडाशाची मोहीम येणेंप्रमाणें फत्ते जाहली, तें दप्तरीं दाखल केलें असे.