छकुलीच्या कानाची पूर्वतयारी

दवाखान्यातली तपासणी ही मुळात परीक्षाच असून तीत पास होणे हे पेशंटचे, आणि त्याला पास करून घेणे हे घरच्यांचे आद्य कर्तव्य होय. मोताळ्याची प्रेरणा बी.एस्सी. झालेली असल्यामुळे तिला हे वेगळे सांगावे लागले नाही.

तिची पाच वर्षांची छकुली मागून हाक मारली तर वळत नव्हती. (“लक्षच नाही तिचं. बापावर गेली,” हे सासूबाई विमलबाईंचे निदान दोन वर्षे लागू होते.) अखेर बुलढाण्याच्या दवाखान्यातली तारीख मिळाली. सोबत सूचना होती : मुलीला खेळाची सवय करून आणावी. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. बस, इतकेच.

घरात तातडीने समिती बसली. सासरे शालिग्रामराव गुणलेखक, विमलबाई आवाजप्रमुख (पितळी ताट व चमचा), प्रेरणा प्रशिक्षक. आठ दिवसांत सत्तावीस सराव. पहिल्या दिवशी दहापैकी तीन. चौथ्या दिवसापासून विमलबाई चमचा मारताना भुवयाही उचलू लागल्या आणि निकाल थेट नऊवर गेला. (कारण कोणी तपासले नाही. चांगला निकाल तपासण्याची आपल्याकडे पद्धत नाही.)

“तू काऊन भेऊन राह्यली वं?” विमलबाई सुनेला म्हणाल्या. “पाह्य, पोरगी पह्यली येते का नाही!”

तारखेला अख्खी समिती दवाखान्यात हजर झाली. कान तपासणाऱ्या आयशा मॅडमनी छकुलीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि बजावले, “कोणी खुणा करायच्या नाहीत.” आवाज सुटला की यंत्रावर हिरवा दिवा लागे. तो मॅडमना आणि समोर बसलेल्या प्रेरणाला दिसे. छकुलीची त्याच्याकडे पाठ होती. तिला दिसत होते फक्त आईचे तोंड.

दिवा लागला. छकुलीचा हात हलेना. प्रेरणाची हनुवटी, कोणतीही पूर्वपरवानगी न घेता, अर्धा इंच खाली गेली.

मणी वाटीत पडला.

दहापैकी दहा.

“कान एकदम चांगले आहेत,” यंत्रात डोके घातलेल्या मॅडम म्हणाल्या. “काही करायची गरज नाही.” शालिग्रामरावांनी दारातूनच वडनेरच्या व्याह्यांना फोनवर निकाल कळवला.

छकुली शाबासकीसाठी आईसमोर येऊन उभी राहिली. प्रेरणाने ओढणी तोंडावर धरली आणि हळूच विचारले, “कुल्फी खायची?”

छकुली ओढणीकडे पाहत राहिली. हसत, वाट पाहत.

प्रेरणा वळली. “मॅडम, मीच मान हलवत होते.”

विमलबाईंनी कपाळावर हात मारला. “पास झाल्ती ना वं लेकरू! काऊन सांगतलं?”

मॅडमनी रिपोर्ट फाडला, नवी तारीख दिली आणि खाली लाल पेनाने लिहिले : नातेवाइकांनी बाहेर थांबावे.

‘दहापैकी दहा’ वाचून ज्या वाचकांनी मनातल्या मनात शाबास म्हटले असेल, त्यांच्यासाठीही बाहेर बाकडे आहे. विमलबाई सरकून जागा देतील.