मिस्त्रींचं टेबल डुगडुगतं!

"माझ्या हातचं टेबल डुगडुगलं, तर मिशी उतरवीन!" ही मिस्त्रींची जन्मभराची पैज. मिशी अजून जागेवर होती. कंबर मात्र संधिवाताने केव्हाच कामातून गेली होती. पण सांगणार कुणाला? "मला काय धाड भरलीय?" असं रोज छातीठोकपणे सांगणारेही तेच! संध्याकाळी बायको फिरायला म्हणून चप्पल घालून दाराशी उभी राहायची, तर हे खेकसायचे, "तू जा. मला कंटाळा आलाय." शेवटी तिने विचारणं सोडलं. ती एकटीच जाऊ लागली आणि मिस्त्री खिडकीशी बसून दिवसेंदिवस उदास होत चालले.

एकदा चोरून घ्यायची दुखण्याची गोळी हातातून निसटली आणि घरंगळत जेवणाच्या टेबलाखाली गेली. मिस्त्री वाकले, रांगले, गोळी सापडली. उठायला गेले, तर कंबर म्हणते, जमणार नाही!

तेवढ्यात बायको आली. "अहो, खाली काय करताय?"

"टेबल डुगडुगतंय. पाय बघतोय!"

बोलून गेले आणि जीभ चावली. बायकोने लगेच ओळखलं, काहीतरी बिनसलंय. हा माणूस जीव देईल, पण आपलं टेबल डुगडुगतं म्हणायचा नाही! ती घाईघाईने शेजारी बसली.

"खरं सांगा, काय होतंय?"

"काही नाही. तू ऊठ आधी."

"तेच तर जमत नाहीये! गुडघे कधीचे गेलेत माझे."

"मग रोज फिरायला कशी जायचीस?"

"कुठली जाते! जिन्यात बसून परत यायचे. घरात तुम्ही तोंड फिरवून बसलेले. मला वाटलं, माझाच कंटाळा आलाय तुम्हाला."

मिस्त्रींना गलबलून आलं. "अगं, तुझा कसला कंटाळा! कंबर दुखते गं माझी. फार दुखते. वाटतं, आता मी कुणाच्याच कामाचा उरलो नाही."

एवढं बोलल्यावर कंबर काही सुटली नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं. मग दोघं एकमेकांचा अवतार बघून अशी हसली, की कंबर आणि गुडघे दोन्ही कळवळले!

मुलगा ऑफिसातून आला, तो टेबलाखाली हसण्याचा आवाज!

"बाबा? आई? काय चाललंय?"

मिस्त्रींच्या तोंडून पुन्हा तेच निघालं, "टेबल डुगडुगतंय रे!"

मुलाने एकेकाला धरून उभं केलं. दुसऱ्या दिवशी नवरा-बायको एकमेकांचा हात धरून, टेकत टेकत कोपऱ्यापर्यंत फिरून आली, तो घरभर भुसा! जन्मात करवत न धरलेल्या त्या आज्ञाधारक पोराने टेबलाचे पाय कापून 'सारखे' केले होते. टेबल आता बोटीसारखं हेलकावत होतं.

मिस्त्रींचा हात हळूच मिशीकडे गेला. ओरडणार कुणावर? तक्रार त्यांचीच होती!

हल्ली पाहुणे आले की मिस्त्री काही लपवत नाहीत. कंबर किती दुखते, मन कधी खचतं, बायकोने हात धरल्याशिवाय जिना कसा उतरत नाही, सगळं मोकळेपणाने सांगतात. फक्त कुणी विचारलं, "हे टेबल कुणाच्या हातचं?" की मुकाट्याने मुलाकडे बोट दाखवतात!