कडक ओळखपत्र

"कागदाची कामं माझ्यावर सोड. नोटरीचं काय, शिक्का मारायला पाच मिनिटं," असं बायकोला, रंजिताला ऐकवून अभय ऐटीत घराबाहेर पडला. त्यांची परळची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि आज पाचच्या आत प्रत्येकाने आपला मजला निवडायचा होता. अभयचा जीव तेविसाव्यात अडकला होता, कारण तिथून म्हणे समुद्र दिसतो. फक्त एक प्रतिज्ञापत्र नोटरी करून न्यायचं होतं.

नोटरी इरावतीबाई एका जिन्याखाली टेबल टाकून बसत. त्यांनी ओळखपत्र मागितलं. अभयचं पाकीट मागच्याच महिन्यात मारलं गेलेलं. नवं कार्ड येईपर्यंत सरकारी केंद्रावरच्या मशीनने त्याला फोटोसकट एक चिठ्ठी दिली होती, एटीएमच्या पावतीसारखी गुळगुळीत. बाईंनी ती दोन बोटांत धरली.

"हे टेम्पररी आहे."

"मॅडम, कागद टेम्पररी आहे. मी परमनंट आहे ना."

"उद्या तुम्ही म्हणालात, मी सही केलीच नाही, तर कोर्टात काय दाखवू? ही वडापावची पुडी? मला कडक कार्ड लागतं."

चिठ्ठी सरकारनेच दिलीय, असं अभयने सांगून पाहिलं. मग सरकारलाच सही करायला घेऊन या, असं बाईंनी सुचवलं.

कडकच हवं ना, म्हणत अभयने समोरच्या रघुच्या दुकानात चिठ्ठी लॅमिनेट करायला दिली. मशीनने ती गिळली आणि पलीकडून बाहेर काढली, ती कडक, चकचकीत आणि तव्यासारखी काळी. नाव, फोटो, जन्मतारीख, सगळं उष्णतेने गडप. झेरॉक्समध्ये उठेल काहीतरी, म्हणून रघुने झेरॉक्स काढली. ती आणखी काळी आली.

इरावतीबाईंनी दोन्ही उलटसुलट पाहिलं. "यात तुम्ही कुठले?"

शेवटी त्यांना दया आली. त्यांच्या ओळखीच्या माणसाने कार्ड दाखवून अभयला ओळखलं तर चालणार होतं. बाजारात इरावतीबाई एकाच बाईला नीट ओळखत, त्यांना वर्षानुवर्षं पापलेट देणाऱ्या माझगावच्या मंजुळाबाईंना. त्या अभयच्या सासूबाई निघाल्या. अभय इतका वेळ हेच नाव टाळत होता.

मंजुळाबाई पाटी शेजारणीच्या हवाली करून आल्या. कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून त्यांनी टेबलावर आपटलं आणि जावयाला निरखून पाहिलं.

"ह्योच तो. रजा पायजे म्हनून हापिसात दोनदा मारलंय मला यानं. बाराव्याची रजा वेगळी. लिव्हून घ्या, बाय."

बाईंनी तेवढं वगळून शिक्का मारला.

टॉवर बघायला मंजुळाबाईही सोबत निघाल्या. दोघं गेटवर पोचले तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. वॉचमनने ओरिजिनल कार्ड मागितलं. अभयने शिक्क्याचं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. कागद चालत नाही, घरातलं कुणी कार्डवालं असेल तर तेच आत जाईल, असं वॉचमन म्हणाला.

प्रतिज्ञापत्र घेऊन मंजुळाबाई आत गेल्या. तेविसावा मजला रिकामा होता, पण त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी पहिला घेतला आणि रंजिताला फोन करून सांगितलं, की माझं सामान रविवारी येईल.