खडूचं चर्च

"अहो, भिंतीतनं आलासा तुम्ही. मागं फिरा, दारातनं या की."

वाशीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी कुणाला तरी हे ऐकावं लागायचं. नवखा माणूस गोंधळून मागे बघायचा. मागे भिंत नसायचीच. फरशीवर खडूची एक रेघ असायची.

रेघ शांतवनकाकांची. कोल्हापूरकडच्या त्यांच्या गावात एक जुनं, लहानसं प्रेस्बिटेरियन चर्च होतं. आमची मंडळी उपासनेला या हॉलमध्ये जमते, आणि काका सगळ्यांच्या आधी येऊन, गुडघे टेकून, त्या चर्चचा नकाशा फरशीवर काढायचे. तोही मूळ मापात. हॉल पुरायचा नाही. पाळकांची खोली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरखाली जायची, आणि घंटेचा मनोरा वॉचमनच्या केबिनवर. "मनोऱ्यात झोपू नकोस," असा दम वॉचमनला नेहमी मिळायचा. दार मात्र नीट आत यायचं, शेवटच्या पंख्याखाली, माझ्या खुर्चीशेजारी.

मग काका चर्च दाखवायचे. दगड काळा, त्यांच्या आज्याने डोक्यावरून वाहिलेला. वर मंगलोरी कौलं. खिडक्या कमानीच्या, पण रंगीत काच नाही. मिशनच्या साहेबांना नटवेपणा खपत नसे. "आपल्यात वेदी नसती पोरी. देवाचं वचन मधी, बाकी सगळं कडंला," असं मला सांगायचे. मी मान हलवायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठी गीतं बोट ठेवून वाचते. म्हणून मागे बसते. माझा आवाज मंडळीत कुणी ऐकलेला नव्हता.

एकदा आईने विचारलं, एवढी आठवण येते तर गावी जाऊन का येत नाही? काका खडू बोटांत फिरवत राहिले. ते चर्च पाडलं, म्हणाले. माणसं वाढली, जागा पुरेना. आता तिथे मोठी स्लॅबची इमारत आहे, चांगलीच आहे.

"पण आत उभा ऱ्हायलो, तर दार कुठं हुतं त्येच कळंना. आमची कुसुम नवरी होऊन त्या दारातनं आल्ती."

कुसुमकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. पण काकांचं हे बोलणं ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं, खडूच्या दारातून येताना काका किंचित डावीकडे सरतात. शेजारून कुणीतरी येत असल्यासारखे.

मागच्या महिन्यात हॉलला चकचकीत टाइल्स बसल्या आणि कमिटीने खडूला बंदी घातली. काका भांडले नाहीत. मला तेच बरं वाटलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळे कुठूनही आत आले, गप्पा मारत, भिंतींतून. काका चपला काढून हॉलच्या पायरीशी उभे राहिले. पाळकसाहेबांनी हाक मारली. येतो येतो, म्हणाले, पण हलले नाहीत. त्यांची नजर त्या कोऱ्या टाइल्सवरून फिरत होती. गावच्या स्लॅबखालीही अशीच फिरली असेल.

पहिलं गीत सुरू होणार होतं. मी वर पाहिलं, शेवटचा पंखा शोधला. उठून माझी खुर्ची बाजूला ओढली, दोघांना येता येईल एवढी. खुर्ची करकरली आणि सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"काका," मी म्हणाले, "भिंतीतून नका येऊ. दार इथे आहे."