तीन इंच, अठराची रिंग

रावसाहेबकाका पाहुण्याच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या टायरकडे. माझे सासरे पहिल्यांदा घरी आले तेव्हा काका फाटकातच उकिडवे बसले, टायरच्या कडेवरचे आकडे वाचले आणि मगच रामराम घातला. सासऱ्यांना वाटलं, गाडी पंक्चर झाली.

काका आमचे शेजारी. मूळचे वैजापूरकडचे, कंपनीतून निवृत्त झालेले फिटर. त्यांची जुनी मोटारसायकल दोन वर्षांपासून मागच्या टायरविना अंगणात उभी होती. विचारलं की एकच उत्तर, "बरोबर माप भेटंना राव."

मापात एवढं काय असतं, असं मी एकदा विचारून बसलो. चहा दोनदा आला. जुन्या टायरवर ३.००-१८ लिहिलेलं असतं, म्हणजे तीन इंच रुंद, जवळपास तेवढाच उंच आणि अठरा इंचाची रिंग. नव्यावर ९०/९०-१८. पहिला नव्वद मिलिमीटरातली रुंदी, दुसरा नव्वद म्हणजे त्या रुंदीच्या नव्वद टक्के उंची. रिंग मात्र अजून इंचातच. "अर्धा साहेब, अर्धा देशी," काका म्हणाले.

मला नाद लागला. गुलमंडीच्या बाजारातून येताना मी ९०/९० आणला. काकांनी पट्टी लावली, पाच मिलिमीटर उंच भरतो म्हणून परत. ८०/१०० आणला, तर भार पेलायचा आकडा त्यांच्या मनाला येईना. शेवटी कळलं की जुनं माप अजूनही निघतं. अस्सल ३.००-१८ घेऊन मी विजयी मुद्रेनं हजर झालो. काकांनी चष्मा पुसला, टायर फिरवला आणि कडेवरचे बारीक चार आकडे शोधले. त्यावरून तो वर्षाच्या बाविसाव्या आठवड्यात बनलेला निघाला. "ऐन उन्हाळ्यातला माल. नको."

आता मात्र माझं डोकं फिरलं. तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी टायर बदलताना एका दुकानदारानं 'सगळं सारखंच असतंय' म्हणत काकांना भलताच रुंद टायर बसवून दिला होता. जन्मभर मापं घेतलेल्या माणसानं त्या दिवशी घाईत माप घेतलं नाही. टायर आतून मडगार्डला घासत राहिला आणि बिडकीनच्या रस्त्यावर फुटला. मागं बसलेल्या काकू पडल्या, हात मोडला.

"टायर बसला की मला मागं बसवावं लागंल," काकू म्हणाल्या. "माझा हात कवाच जुळला. त्यांची भीती काय जाईना."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. काकू पदर खोचून अंगणात गेल्या आणि म्हणाल्या, "बसवा तो टायर. मला बिडकीनला बहिणीकडं जायचंय. एसटीनं नाय जायची."

काकांनी पाना उचलला. टायर चढवायला त्यांना अख्खी दुपार लागली. हवा तीनदा तपासली. काकू मागं बसल्या आणि गाडी निघाली ती इतकी हळू, की भाजीची हातगाडी पुढं गेली.

गल्लीच्या टोकाला ती थांबली. बंद पडली असेल म्हणून मी धावलो. इंजिन चालूच होतं. काकांचे डोळे भरून आले होते, रस्ता दिसत नव्हता.

काकूंनी मागून पदराच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले. "चला आता," त्या म्हणाल्या. "मी बसलीय नीट."